जितके सेंटिमीटर, तितके सूत

मोटारसायकलला जीपीएस कसा बसवावा याच्या जेवढ्या सूचना छापल्या जातात, त्या सगळ्यांनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते. हँडल म्हणजे बावीस मिलिमीटर जाडीचा, बऱ्यापैकी सरळ आणि मधोमध चार बोटं मोकळी जागा असलेला पाइप. कंपनी गाडी तशीच देते. आपण पहिल्या पगारवाढीला तो पाइप काढतो, भंगारात देतो आणि त्या जागी असं काहीतरी बसवतो, की ज्याला सरळ भाग नाही, मधे जागा नाही आणि ज्याची जाडी विकणाऱ्यालाही ठाऊक नाही. मग जीपीएस घेतो. खोक्यावर ‘पाच मिनिटांत बसवा’ असं लिहिलेलं असतं. पाच मिनिटांत खोकं उघडून होतं, हे खरं आहे.

हँडल बदलणारा माणूस रुबाब विकत घेतो. आरसा, ब्रेकच्या तेलाची डबी, क्लचची केबल, हॉर्नची वायर ही मंडळी त्या रुबाबात कुठे बसणार, हा विचार दुकानातून बाहेर पडल्यावर सुरू होतो. जीपीएसचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो, म्हणून त्याच्या वाट्याला उरलीसुरली जागा येते.

आता कुठल्या हँडलला काय दुखणं असतं ते बघू. एप हँगर म्हणजे ते उंच, लोकलच्या कड्या धरल्यासारखे हात वर करून चालवायचं हँडल. यात पाइप भरपूर असतो, पण बहुतेक सगळा वाकलेला. क्लॅम्प वाकावर बसवला की तो दोनच ठिकाणी टेकतो, कितीही आवळा, पहिल्या गतिरोधकाला जीपीएस नमस्कार घालतो. ड्रॅग बार सरळ असतो, पण मधला सगळा भाग रायझरनेच, म्हणजे हँडल गाडीला धरून ठेवणाऱ्या पकडीनेच, खाल्लेला. क्लबमन खाली वळतो, त्यामुळे त्यावर लावलेला पडदा थेट पेट्रोलच्या टाकीशी बोलतो. क्लिप-ऑनला तर मधला भागच नाही. दोन फोर्कना दोन वेगळे दांडे आणि मधे हवा. आणि ॲडव्हेंचर गाड्यांना लावतात ते जाड ॲल्युमिनियमचं हँडल मधे एका जाडीचं, ग्रिपपाशी दुसऱ्या, आणि या दोहोंच्या मधला भाग निमुळता. निमुळत्या भागावर क्लॅम्प लावला की तो हळूहळू बारीक बाजूकडे सरकत जातो आणि स्वतःच सैल होतो. याला दोष क्लॅम्पचा नाही, भूमितीचा आहे.

म्हणून खरेदीच्या आधी माप. व्हर्निअर असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर शिवणकामाचा दोरा घ्या, हँडलला एकच वेढा घट्ट गुंडाळा, जिथे टोक मिळतं तिथे पेनाने खूण करा आणि दोरा सरळ करून फुटपट्टीवर ठेवा. दोरा जितके सेंटिमीटर भरेल, तितके सूत तुमचं हँडल. सात सेंटिमीटर म्हणजे सात सूत, आठ म्हणजे आठ. यात जादू काही नाही. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर, त्याला पायने (π, ३.१४) गुणलं की ९.९७ येतात, म्हणजे जवळजवळ एक सेंटिमीटरच. हा योगायोग ज्या कुणाच्या पहिल्यांदा लक्षात आला असेल, त्याच्या नावाने एखाद्या चौकाला पाटी हवी होती.

बाजारात जी हँडलं मिळतात ती या हिशेबात फार नीट बसतात. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचं मूळ हँडल सात सुती, म्हणजे २२.२ मिलिमीटर. मोठ्या क्रूझर गाड्यांचं आठ सुती, २५.४ मिलिमीटर. जाड ॲल्युमिनियमचं मधल्या भागात नऊ सुती, २८.६ मिलिमीटर. आणि धिप्पाड एप हँगर दहा सुती, ३१.७५ मिलिमीटर, तोही ग्रिपपाशी आणि रायझरपाशी बारीक होऊन आठ सुतावर येतो, कारण तिथे बाकीचे सुटे भाग बसायचे असतात. म्हणजे मोजायचं ते जिथे क्लॅम्प बसवायचा तिथेच. ग्रिपजवळ मोजून मधला क्लॅम्प आणणारे लोक दुकानदाराला फार आवडतात, कारण ते परत येतात.

एक नियम लक्षात ठेवला तरी निम्मी दगदग वाचते. मोठ्या क्लॅम्पला लहान हँडल चालवता येतं, लहान क्लॅम्पला मोठं हँडल कुठल्याही युक्तीने चालत नाही. यू-बोल्टचे जे बॉल माउंट मिळतात (हँडलवर एक गोळा, त्यावर हवा तसा वळणारा दांडा), ते साधारण चार सुतापासून दहा सुतापर्यंत पकडतात. दिसायला राकट, पण बदललेल्या हँडलसाठी माझी पसंती त्यालाच. फक्त यू-बोल्ट क्रोमवर ओरखडे काढतो, आणि ज्याने क्रोमसाठी पैसे मोजलेत त्याला तो ओरखडा हृदयावर पडल्याचा भास होतो.

मोठा क्लॅम्प लहान हँडलवर बसवायचा तर मधली पोकळी भरावी लागते. इथे गणित करा, अंदाज नको. क्लॅम्प आठ सुती आणि हँडल सात सुती असेल, तर व्यासातला फरक ३.२ मिलिमीटर, भोवतीने भरायची जाडी त्याच्या निम्मी, १.६ मिलिमीटर. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी साधारण एक मिलिमीटर जाड असते, तेव्हा दोन वेढे दिले की आवळल्यावर दबून बरोबर बसतात. ही पट्टी पंक्चरवाल्याकडे मिळते आणि तो पैसे घेत नाही, ‘कशाला पायजे?’ एवढं मात्र विचारतो आणि उत्तर ऐकून हँडलकडे बघतो. फरक अगदी थोडा, अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर असेल, तर थंड पेयाच्या कॅनचा पत्रा कापून घाला. तो साधारण ०.१ मिलिमीटरचा असतो. दोन वेढ्यांनी व्यासात ०.४ ची भर पडते. पावडर कोटिंग केलेल्या हँडलवर मात्र आधीच थराची जाडी चढलेली असते, तेव्हा पत्रा कापण्याआधी एकदा नुसता क्लॅम्प लावून बघा.

रबराला एक खोड आहे. ते पाणी धरून ठेवतं. पावसाळा संपला की पट्टी सोडवून खालचा क्रोम पुसायचा, नाहीतर दिवाळीला तिथे गंजाचं कडं तयार. रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत दिवाळीपर्यंतही थांबायची गरज पडत नाही.

फरक दोन-तीन सुतांचा असेल तर रबराच्या गुंडाळ्या करू नका. जाड रबर दबत राहतं, क्लॅम्प रोज थोडा थोडा सैल होतो. मग खरा उपाय म्हणजे लेथवर दुभागलेला बुश, म्हणजे हँडल आणि क्लॅम्पच्या मधे बसणारी जाड नळी, करून घेणं. आणि बुश करून घ्यायचा तर कोल्हापूरच्या उद्यमनगरासारखी जागा नाही. तिथे गल्लीच्या एका टोकाला तेलाच्या इंजिनाचा सुटा भाग मागितला तर दुसऱ्या टोकापर्यंत जाईस्तोवर तो तयार होतो, अशी ख्याती आहे. पण टर्नरकडे जाताना माप तोंडी नेऊ नये. कागदावर चित्र काढून न्यावं, कारण संवाद असा होतो:

“काय पायजे?”

“बुश. आत सात सूत, बाहेर दहा सूत.”

“लांबी?”

“पंचवीस एमएम.”

“आत सुतात, लांबी एमएममध्ये. बरं. कशाला बसवायचाय?”

“हँडलला. जीपीएस लावायचाय.”

“मग क्लॅम्पच का बदलला न्हाईस? सात सुती असतोय की.”

यावर वाद घालू नये. चित्रात एवढं हवं: ३५ मिलिमीटरचा ॲल्युमिनियम किंवा नायलॉनचा रॉड, आतलं भोक २२.२, बाहेरचा व्यास ३१.७, मधली लांबी क्लॅम्पच्या रुंदीइतकी आणि दोन्ही टोकांना दोन-दोन मिलिमीटरची ३५ व्यासाची कड राखलेली. ही कड फार महत्त्वाची. तिच्यामुळे बुश आणि क्लॅम्प एकमेकांना सोडून बाजूला सरकत नाहीत. भिंतीची जाडी येते पावणेपाच मिलिमीटर, म्हणजे भरपूर. शेवटी हॅक्सॉने लांबीत उभा चिरून दोन तुकडे करायचे. पात्याची जाडी साधारण एक मिलिमीटर; तेवढी फट दोन्ही बाजूंना राहते आणि म्हणूनच क्लॅम्प आवळल्यावर बुश हँडलला घट्ट धरतो. टर्नर हुशार असेल तर आतलं भोक जरा सैल ठेवायला सुचवतो, ‘बसवायला सोपं जाईल’ म्हणून. नको म्हणा. फट आहे, ती पुरते. नायलॉनला माझी पसंती थोडी जास्त. तो थरथर जरा कमी पोहोचवतो आणि क्रोमवर ओरखडे काढत नाही. ॲल्युमिनियम घेतलाच, तर आतून ट्यूबची पातळ पट्टी घाला, म्हणजे लोखंड आणि ॲल्युमिनियम यांच्यात ओलीवर जो रासायनिक संसार सुरू होतो तो टळेल. अर्थात पट्टीच्या जाडीचा हिशेब भोकात आधीच धरायचा.

उद्यमनगरातच शेजारी वेल्डिंगवाला असतो. त्याच्या मते या सगळ्याची गरजच नाही. ‘एक टॅक मारतो, पट्टी चिकटवतो, विषय संपला.’ विषय संपतो खरा. क्रोम जळतं, वाकापाशी पाइपला उष्णतेने कमकुवतपणा येतो आणि ॲल्युमिनियमच्या हँडलवर त्याच्या साध्या मशिनचा टाका बसतच नाही. ड्रिल मारून स्क्रूने बसवा म्हणणारेही भेटतात. हँडल म्हणजे पोकळ नळी; तिच्या वाकाजवळ किंवा रायझरजवळ भोक पाडलं की भेगेला सुरुवात कुठून करायची ते आपण स्वतः आखून दिलं. प्रत्येक कारागिराला आपल्या हत्यारातच जगाचं औषध दिसतं. वायरमनचं ‘डायरेक्ट देतो’ पुढे येतंच आहे.

आता माझं खरं मत सांगतो: हँडल फार विचित्र असेल, तर जीपीएस हँडलवर लावूच नये. गाडीवर दुसऱ्या जागा असतात. क्लिप-ऑनच्या अनेक गाड्यांत फोर्कच्या वरच्या टीच्या (दोन्ही फोर्क वरून धरणाऱ्या पट्टीच्या) मधोमध स्टिअरिंगची पोकळ नळी असते, वर प्लॅस्टिकचं टोपण. ते काढलं की भोक दिसतं. त्यात रबराचा फुगणारा खुंटा बसवून वर बॉल येणारा माउंट मिळतो. ही जागा हँडलपेक्षा चांगली, कारण ती गाडीच्या मध्यरेषेत आणि कमी थरथरणारी. भोकाचा व्यास मात्र आतून मोजून घ्या, खुंटे वेगवेगळ्या मापांत येतात. बुलेटच्या क्लासिकसारख्या गाडीत, जिथे हेडलाइट आणि मीटर एकाच पत्र्याच्या डोममध्ये बसलेले असतात, तिथे ही सोय शोधत बसू नका.

दुसरी जागा आरशाच्या बुडाशी. आरसा सोडवायचा, दांड्यात बॉल असलेली पट्टी ओवायची, आरसा परत आवळायचा. बहुतेक आरशांचे आटे १० मिलिमीटरचे, तेव्हा पट्टीचं भोक दहा किंवा अकराचं लागतं. यामाहाच्या अनेक गाड्यांचा उजवा आरसा उलट आट्यांचा असतो. तो सोडवायला म्हणून जोर लावणारे लोक प्रत्यक्षात आवळत असतात, आणि शेवटी आट्यांसकट ब्रेकच्या डबीचा कान हातात येतो. आधी पान्याने उलटं फिरवून बघा. या जागेचा तोटा इतकाच, की जीपीएस बाजूला येतो आणि एप हँगरवर तो थेट कानाशी पोहोचतो.

तिसरी जागा ब्रेकची डबी धरणाऱ्या क्लॅम्पच्या दोन बोल्टांवर. मूळ बोल्ट काढून थोडे लांब घालायचे आणि मधे बॉलची पट्टी. बोल्ट सहसा सहा मिलिमीटरचे. जोर साधारण १० न्यूटन-मीटर, त्याहून जास्त दिला तर आटे जातात. चौथी, आणि मला न पटणारी, रायझरच्या बोल्टाऐवजी बॉल असलेला बोल्ट. बाजारातले असे चकचकीत बोल्ट बहुतेक साध्या स्टेनलेसचे असतात, मूळ ८.८ ग्रेडच्या बोल्टापेक्षा त्यांची ताकद कमी. आपण हँडल ज्याच्या भरवशावर धरतो, तिथे शोभेचा बोल्ट कशाला?

जागा ठरली की पुढची परीक्षा. जीपीएस बसवून हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा. टाकीला लागतो? मीटर झाकतो? किल्ली फिरवायला बोटं जातात? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, पेट्रोलच्या टाकीचं झाकण पूर्ण उघडतं का? क्लबमन आणि क्लिप-ऑनवाल्यांनी हे घरीच बघावं. पंपावर मागे दहा स्कूटर उभ्या असताना, ॲलन-की शोधत जीपीएस काढणाऱ्या माणसाबद्दल लोक जे बोलतात, त्यात नकाशाचा उल्लेख नसतो.

बॉल आणि बॉल यांना जोडणारा दांडा जितका लहान तितका चांगला. लांब दांडा दुकानात छान वाटतो, हवा तसा वळतो. पण लांबी दुप्पट झाली की दांड्याचं लवणं आठपट होतं. म्हणून सहा-सात सेंटिमीटरचा घ्या आणि पडदा डोळ्यांसमोर आणण्याचा हट्ट सोडा. मान किंचित खाली करून दिसला म्हणजे पुरे. स्वतंत्र जीपीएस घेतला असेल तर त्याच्या पाठीला सहसा ३० गुणिले ३८ मिलिमीटरवर चार भोकं असतात. बॉलची पाटीही त्याच मापाची मिळते, तेव्हा तिथे सुदैवाने कुणाकडे जावं लागत नाही. मोबाइल होल्डरला असलं काही माप नसतं. तिथे ज्याने त्याने आपलं तंत्र शोधलेलं आहे.

मोबाइलचा विषय निघालाच आहे तर थरथरीबद्दल. एक सिलिंडरचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे मारत असेल तर सेकंदाला पन्नास झटके. तासाला एक लाख ऐंशी हजार. तुमच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यात जी हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी भिंग-रचना असते, ती चुंबकांवर तरंगती ठेवलेली असते. तिला हे झटके सोसत नाहीत. ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये यासाठी स्वतंत्र सूचनाच काढली: मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलच्या हँडलला फोन थेट लावू नका, आणि लहान स्कूटरवर लावलाच तर थरथर शोषणारा माउंट वापरा. उंच हँडल म्हणजे लांब नळी, आणि लांब नळी टोकाला जास्त हलते. त्यामुळे एप हँगरच्या माथ्यावर महागडा फोन लावणं म्हणजे त्याच्या कॅमेऱ्याचे हप्ते संपायच्या आत त्याला सेवानिवृत्त करणं. घरात पडलेला, तसली रचना नसलेला जुना फोन या कामाला उत्तम. नकाशा आधी उतरवून ठेवला तर त्यात सिमही लागत नाही; उपग्रहांचे संकेत घ्यायला नेटवर्कची गरज नसते. ताम्हिणीत नेटवर्क नसतं आणि तरी ठिपका चालत असतो, याचं अजूनही अनेकांना आश्चर्य वाटतं.

वीज. वायरमनचं ‘डायरेक्ट देतो’ म्हणजे चार्जर थेट बॅटरीला जोडणं. सोपं असतं, चालतंही. पण आकडे दाखवणारा निळा दिवा असलेला चार्जर रिकामा असतानाही वीज खातो. तो १० मिलिअँपिअर खात असेल, तर महिन्याच्या ७२० तासांत ७.२ अँपिअर-तास झाले. साडेतीनशे सीसीच्या गाडीची बॅटरी ८ ते १४ अँपिअर-तासांची. ८ ची असेल आणि महिनाभर गाडी उभी राहिली, तर तो निळा दिवा सोडून बाकी काही चालू होणार नाही. कदाचित तोही नाही.

म्हणून रिले, म्हणजे किल्लीच्या इशाऱ्यावर चालूबंद होणारा विजेचा स्विच. चार पायांचा, कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. ३० नंबरच्या पायाला बॅटरीचा प्लस, मधे ५ अँपिअरचा फ्यूज. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. हँडलजवळ बसवलेला फ्यूज मधल्या सगळ्या वायरला आगीच्या भरवशावर सोडतो. ८७ मधून चार्जरला. ८६ ला किल्ली चालू केल्यावरच वीज येणारी वायर, टेललाइटची चालते. ८५ अर्थला. आता किल्ली काढली की चार्जर गप्प. फोनला ५ व्होल्टवर ३ अँपिअर द्यायचे तर बॅटरीतून दीड अँपिअरच्या आसपास जातो, तेव्हा एक चौरस मिलिमीटरची वायर पुरून उरते.

वीज हेडलाइटच्या वायरमधून घेण्याचा मोह मात्र टाळा. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर चालतच नाही, थेट मॅग्नेटोच्या एसीवर चालतो. रेस दिली की दिवा उजळतो, हे त्याचंच लक्षण. चार्जरला तो करंट दिला की पहिल्या चढावर प्लॅस्टिकचा वास येतो. आणि जुन्या जावाला ६ व्होल्टची बॅटरी असते. तिच्यावर बारा व्होल्टचा चार्जर लावून ‘पीस खराब निघाला’ म्हणत दुकानात भांडू नये.

वायरचे जोड थिंबल, म्हणजे तारेवर दाबून बसवायची धातूची टोपी, दाबून करा. सोल्डर घरातल्या रेडिओला ठीक; मोटारसायकलवर सोल्डर वायरच्या तारांत शिरून ती कडक होते आणि जिथे कडकपणा संपतो तिथेच थरथरीने तुटते. वर हीट श्रिंक नळी, तापवली की आवळते ती. काळी चिकटपट्टी उन्हात वितळून वर्षभरात चिकट चिंधी होते आणि वायरपेक्षा बोटांना जास्त चिकटते.

वायर टाकीखालून, फ्रेमच्या पाठीवरून पुढे आणा आणि स्टिअरिंगपाशी सैल वळसा ठेवा. बदललेल्या उंच हँडलवर थ्रॉटल आणि क्लचच्या केबली आधीच ताणलेल्या असतात. तुमची वायर त्यांना टायने बांधली की तीही त्या तणावात भागीदार. नंतर गाडी न्यूट्रलवर चालू करा आणि हँडल दोन्ही टोकांना वळवा. इंजिनचा आवाज वाढला तर थ्रॉटलची केबल ओढली जातेय. तशी गाडी रस्त्यावर नेऊ नका. यू-टर्नच्या मधोमध स्वतःहून रेस घेणारी गाडी चौकातल्या सगळ्यांना चालकाच्या स्वभावाबद्दल चुकीची कल्पना देते. चार्जरची वायर वरून खाली येताना जोडाच्या थोडी खाली लोंबू द्या, म्हणजे पाणी तिथून गळेल, आत जाणार नाही.

पावसाबद्दल विशेष बोलायला नको. आयपीएक्स-७ चा जीपीएस एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. पण सर्व्हिसिंगला दिलेल्या गाडीवर पोरगा जो पाण्याचा फवारा मारतो तो या चाचणीत नव्हता. गाडी देण्याआधी यंत्र काढून खिशात ठेवा. फोनच्या पडद्याला तर पावसाचा थेंब आणि बोट यांतला फरकच कळत नाही. वरंधा घाटात सरी सुरू झाल्या की नकाशा आपोआप मोठा होतो, लहान होतो आणि तुम्ही वळण शोधत असताना तो तुम्हाला आफ्रिकेच्या पश्चिमेचा समुद्र दाखवत असतो. ऊन याच्या उलट. आयफोनची जाहीर मर्यादा ३५ अंशांची आहे. नागपूर-चंद्रपूरकडे एप्रिलमध्ये ती सकाळच्या चहाबरोबर ओलांडली जाते. काळ्या कव्हरातला, चार्जिंगला लावलेला फोन सगळ्यांत आधी चार्जिंग बंद करतो, मग पडदा मंद करतो, मग रुसतो. कव्हर काढा, चार्जिंग थांबवा आणि सावलीत उभे राहून फलक वाचा. फलक तापत नाहीत.

सिग्नलला थांबल्यावर नकाशा गोल गोल फिरू लागला तर घाबरू नका. गाडी चालू असताना दिशा उपग्रहांवरून कळते, थांबल्यावर फोन त्याच्या होकायंत्रावर जातो. टाकीवर चुंबकाची बॅग असेल तर होकायंत्राला उत्तर तिथेच सापडतं. आणि उड्डाणपुलाच्या खाली की वर, हे त्याला नीट कळत नाही, कारण उंचीचा अंदाज आडव्या जागेपेक्षा कच्चा असतो. गुगलने डिसेंबर २०१७ मध्ये भारतात दुचाकीसाठी वेगळा पर्याय दिला, तो निवडा. मोटारीच्या पर्यायावर ठेवलेला नकाशा तुम्हाला अगदी आत्मविश्वासाने मुंबई-पुणे एक्सप्रेसवेच्या तोंडाशी नेतो. तिथे दुचाकीला बंदी आहे, आणि नकाशाने आणलं हे उत्तर हवालदाराने आधी पुष्कळदा ऐकलेलं असतं.

हवालदाराला फोन दिसतो, तेव्हा एवढं माहीत असू द्या: १ ऑक्टोबर २०२० पासून मोटार वाहन नियमांत झालेल्या बदलानुसार गाडी चालवताना असं उपकरण फक्त रस्ता बघण्यासाठी वापरता येतं, तेही चालवण्यावरचं लक्ष उडणार नाही अशा पद्धतीने. हे त्याला सौम्यपणे सांगा. फार विस्ताराने सांगू नका, कारण ऐकता ऐकता त्याची नजर हँडलकडे जाईल, आणि कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करण्याबद्दल कायद्याचं कलम ५२ फोनच्या नियमाइतकं उदार नाही.

सगळं बसलं की धातूच्या बोल्टांवर निळं थ्रेड-लॉक, म्हणजे आटे सैल होऊ न देणारा गोंद, एकेक थेंब. प्लॅस्टिकच्या भागाला ते लागू देऊ नका, काही प्लॅस्टिकं त्याने आतून तडकतात. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर प्रत्येक बोल्ट परत तपासा. रबर दबतं, बुश बसतो, थोडं सैल होणारच. त्यासाठी लागणारी ॲलन-की गाडीतच ठेवावी. सीटखाली जागा चांगली. फक्त हँडल बदलणाऱ्याने सहसा सीटही बदललेली असते, आणि ती नवी सीट कुठल्या बोल्टांवर बसवली आहे तेवढं एकदा बघून घ्या, कारण बऱ्याचदा ते बोल्टही त्याच ॲलन-कीने उघडतात.